मोठं धरण की ऊन-वारा : वीज कंपनीच्या भागधारकाने मत कुठे टाकावं?

ओंजळभर

नमस्कार मंडळी. माझ्या नावावर एका वीज कंपनीचे थोडे शेअर आहेत. वडिलांनी घेतलेले, त्यांच्यानंतर माझ्याकडे आले. वार्षिक सभेची नोटीस दरवर्षी यायची आणि न वाचता बाजूला पडायची. यंदा वाचली, कारण तिच्यात एक ठराव आहे. कंपनी एका मोठ्या जलविद्युत प्रकल्पाकडून पुढची कित्येक वर्षं वीज घेण्याचा करार करणार आहे. धरण अजून व्हायचंय. काही भागधारकांचं म्हणणं असं की हा करार थांबवा, आणि तेवढीच वीज सौर, पवन आणि साठवणुकीतून कशी मिळेल याचा आराखडा आधी आमच्यापुढे ठेवा. खाली संचालक मंडळाने छापलंय : या ठरावाच्या विरोधात मत द्यावं.

मला प्रश्न पडलेत. धरणाची वीजही कोळसा न जाळताच होते ना? मग तिला विरोध करून आपण हवामानाचं नुकसान तर करत नाही? आणि माझ्यासारखीच्या मूठभर मतांनी कंपनी काही बदलते का?

माझा कल ठरावाच्या बाजूने आहे. जिथे धरण होणार तिथली माणसं त्या नोटिशीत एका ओळीनेही नाहीत, आणि ते मला खटकतंय. पण नुसतं वाईट वाटलं म्हणून मत द्यायचं नाहीये. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

उनाडवारा

माझं मत वाऱ्याला. सदस्यनाम बघून कळलंच असेल :)
वाचतोय.

टर्बाईन

दुसरी बाजू मी मांडतो. माझी सगळी नोकरी जलविद्युत केंद्रात झाली.

संध्याकाळी दिवेलागणीला लोड डिस्पॅचवरून, म्हणजे कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कक्षातून, फोन यायचा, "दोन नंबर घ्या". आधी मुख्य झडप उघडायची, मग गाईड व्हेन, म्हणजे चाकाकडे जाणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या पात्या, हळूहळू. पायाखालची जमीन थरथरायला लागायची, आवाज चढत जाऊन एका पट्टीत स्थिर व्हायचा, ग्रिडशी सूर जुळला की ब्रेकर टाकून यंत्र जोडायचं. थांबलेलं यंत्र काही मिनिटांत पूर्ण भारावर. कोळशाच्या थंड संचाला त्यासाठी कित्येक तास लागतात. ग्रिड पूर्ण कोसळली तर पहिली वीज बहुतेक वेळा आमच्याकडूनच उचलतात, कारण पाण्याच्या यंत्राला सुरू व्हायला बाहेरची वीज जवळजवळ लागतच नाही.

सौर वीज दुपारी मुबलक असते आणि मागणीचा कडेलोट होतो सूर्य मावळल्यावर. वारा त्याच्या मर्जीने. ही दरी कोण भरणार? भागधारकांनी ठराव जरूर आणावेत, पण धरण नको म्हणताना रात्री आठ वाजताची वीज कुठून येणार हेही लिहावं. नाहीतर धरण रद्द होतं आणि त्या जागी गॅसचं केंद्र उभं राहतं.

मृदगंध

@टर्बाईन, प्रतिसाद आवडला. मात्र "जलविद्युत" म्हणून सगळं एका गाठोड्यात बांधता येत नाही. धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जलाशय कसा आहे यावर अवलंबून आहे.

ब्राझीलमधलं बाल्बिना बघा. उआतुमा नदीवर १९८० च्या दशकात बांधलं. क्षमता २५० मेगावॅट आणि बुडीत क्षेत्र सुमारे २३६० चौरस किलोमीटर! भूभाग सपाट, त्यामुळे पाणी खोल न जाता पसरलं. खाली जंगल तसंच बुडालं. बुडालेली झाडं-पानं तळाशी प्राणवायूविना कुजतात, मिथेन होतो, आणि तळाचं पाणी टर्बाईनमधून बाहेर पडताना दाब कमी झाला की तो सुटतो. उष्ण प्रदेशातल्या अशा उथळ जलाशयांचं उत्सर्जन कोळशाच्या तोडीचं किंवा त्याहून जास्त निघू शकतं. उलट थंड, उंच डोंगरातल्या अरुंद दरीत बांधलेल्या धरणाचं फारच कमी असतं.

सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे दोन हेक्टर धरले तर बाल्बिनाच्या बुडीत क्षेत्रात लाखभर मेगावॅटची पॅनलं मावली असती.

टर्बाईन

@मृदगंध, क्षमता आणि प्रत्यक्ष युनिटं वेगळी. सौरची वर्षभराची सरासरी क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास धरा.

मृदगंध

धरली. तरी वीस हजार मेगावॅट सरासरी होते. बाल्बिनाने तिची पूर्ण क्षमता वर्षभर दिली असती तरी २५०. आणि सरासरीचंच काढलंत तर ब्राझीलमधलंच शिंगू नदीवरचं बेलो मोन्ते धरण आहेच : स्थापित क्षमता ११,२३३ मेगावॅट, हमखास सरासरी साधारण ४५७१. शिंगू नदीला कोरड्या महिन्यांत पाणीच तेवढं नसतं.

कडेलोट

टर्बाईन यांनी वरती माझं नाव घेतलंय असं वाटलं क्षणभर :) असो.

मला या ठरावांचा राग येतो, स्पष्टच लिहितो. नॉर्वेची जवळपास नव्वद टक्के वीज पाण्याची. आपल्या दऱ्या अडवून, त्या स्वस्त विजेवर उद्योग उभारून झाले, आणि त्याच नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २०२० मध्ये बेलो मोन्तेवरून ब्राझीलच्या एलेत्रोब्राझ या वीज कंपनीला गुंतवणुकीच्या यादीतून काढून टाकलं. गरीब देशांनी काय कंदील लावून बसायचं? इथियोपियाने ५००० मेगावॅटहून मोठं धरण बहुतांशी स्वतःच्या पैशाने बांधलं, सामान्य नागरिकांनी रोखे विकत घेतले, २०२५ मध्ये उद्घाटनही झालं. तिथल्या लोकांना विचारा ते कुणाच्या बाजूने मत देतील.

दुसरं म्हणजे हा दबाव फक्त शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर चालतो. त्या बाजूला झाल्या की सरकारी कंपनी येते, तिला ना सभा ना ठराव. धरण होतंच, फक्त प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही.

पाणलोट

@कडेलोट, नॉर्वेच्या फंडाने एलेत्रोब्राझला पाण्याची वीज करते म्हणून वगळलं नाही. वगळण्याचं कारण मानवाधिकार होतं : आदिवासींवर झालेला परिणाम, विस्थापन. बेलो मोन्तेमुळे शिंगूच्या जवळपास शंभर किलोमीटरच्या वळणातलं बहुतेक पाणी कालव्याने वळवलं गेलं. त्या वळणावर मासेमारीवर जगणाऱ्यांच्या अंगणात धरणाची भिंत नाही, बुडीत नाही, नुसती आटलेली नदी आहे. अशांना "प्रकल्पग्रस्त" म्हणवून घ्यायलासुद्धा भांडावं लागतं.

आणि "गरीब देशांना वीज हवी" हे वाक्य ज्यांचं घर बुडतं त्यांच्यासमोर बसून म्हणता यायला हवं. जागतिक धरण आयोगाच्या नोव्हेंबर २००० च्या अहवालात मोठ्या धरणांनी विस्थापित झालेल्यांचा अंदाज ४ ते ८ कोटी दिलाय. त्यातल्या किती जणांच्या नव्या घरात पुढची अनेक वर्षं वीज नव्हती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वसाहतीवरून उच्चदाब वाहिनी गेलेली आणि खाली रॉकेलचा दिवा. हे एका गावाचं नाही, अनेक ठिकाणी तसंच.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर विचार व्हायला हवा.

उनाडवारा

+१ पाणलोट. उच्चदाब वाहिनीखालचा दिवा डोक्यातून जात नाहीये.

ताळेबंद

मी पैशांबद्दल लिहितो, कारण सभेत शेवटी तीच भाषा चालते.

२०१४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९३४ ते २००७ या काळात बांधलेल्या २४५ मोठ्या धरणांचे हिशोब तपासले. प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्के जास्त. दहातली आठ धरणं उशिरा पूर्ण झाली. सरासरी काही फार बिघडलेल्या प्रकल्पांमुळे फुगलेली आहे हे मान्य, तरी कल कुठे आहे ते दिसतं. अलीकडचं उदाहरण कॅनडातलं मस्क्रॅट फॉल्स, ८२४ मेगावॅट. २०१२ मध्ये मंजुरीच्या वेळी व्याजासह सुमारे ७.४ अब्ज कॅनेडियन डॉलर, पुढे आकडा १३ अब्जांवर गेला. २०२० मध्ये चौकशी आयोगाने कडक ताशेरे ओढले. ब्रिटिश कोलंबियातलं साइट सी २०१४ मध्ये साधारण ८.८ अब्ज होतं, ते १६ अब्जांवर पोचलं.

सौर प्रकल्प टप्प्याटप्प्याने उभा राहतो. अर्धा झाला तर अर्धी वीज विकता येते. धरण नव्वद टक्के झालं तरी उत्पन्न शून्य आणि कर्जावरचं व्याज चालूच. शिवाय दहा वर्षं बांधत बसायचं आणि तोवर बाजार पुढे निघून जातो. २०१० च्या दशकात सौर विजेचा उत्पादनखर्च ऐंशी टक्क्यांहून जास्त घसरला, तेव्हा ज्यांनी त्या दशकाच्या सुरुवातीला धरणं मंजूर केली त्यांचं गणित भिंत उभी राहायच्या आत जुनं झालं.

त्यात आता पावसाचा भरवसा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये झांबिया-झिंबाब्वे सीमेवरच्या करिबा जलाशयातलं वापरण्याजोगं पाणी इतकं खाली गेलं की झिंबाब्वेच्या बाजूचं केंद्र थांबवायला सांगावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनच्या सिचुआनमध्ये नद्या आटल्या आणि कारखाने बंद ठेवावे लागले. तिथली साधारण ऐंशी टक्के वीज पाण्याची. भागधारक धरणाबद्दल विचारतो त्यात भूतदया नसली, केवळ स्वतःच्या पैशाची काळजी असली, तरी प्रश्न तोच निघतो.

सातवीण

ताळेबंद, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण मूळ प्रश्नाचं काय? ठरावाने कंपनी बदलते का?

उत्तरायण

मी बरीच वर्षं कॅनडात आहे, इथल्या दोन गोष्टी सांगतो. कडेलोट यांच्या दुसऱ्या मुद्द्यालाही त्यातून उत्तर मिळेल.

हायड्रो-क्वेबेक ही प्रांताच्या मालकीची कंपनी. शेअर बाजारात नाही, त्यामुळे सभेत उभं राहून विचारणारा भागधारकच नाही. तिने ग्रेट व्हेल नदीवर प्रचंड प्रकल्प आखला. तिच्याच आधीच्या ला ग्रांद धरणांचा अनुभव तिथल्या क्री आदिवासींना होता. जलाशयांतल्या माशांत पारा वाढला होता, आणि १९८४ च्या सप्टेंबरअखेर कनियापिस्को नदीत सुमारे दहा हजार कॅरिबू हरणं बुडून मेली होती. धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे हे झालं की नुसत्या पावसामुळे, यावर वाद झाला, पण क्री लोकांच्या मनात ते कायमचं बसलं.

मग त्यांनी काय केलं? क्री आणि इनुइट लोकांनी मिळून एक होडी बनवली, अर्धी क्री पद्धतीची कनू, अर्धी इनुइट कयाक. नाव ओडेयाक. ती घेऊन १९९० च्या एप्रिलमध्ये थेट न्यू यॉर्कला पोचले, कारण वीज न्यू यॉर्क विकत घेणार होतं. बांधणाऱ्याला शेअरहोल्डर नव्हते, पण घेणाऱ्याला ग्राहक होते, मतदार होते. विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठांकडे असलेल्या हायड्रो-क्वेबेकच्या कर्जरोख्यांवर बोट ठेवलं. १९९२ मध्ये न्यू यॉर्क पॉवर अथॉरिटीने १००० मेगावॅटचा करार रद्द केला. नोव्हेंबर १९९४ मध्ये प्रकल्प बासनात गेला.

दुसरी गोष्ट मॅनिटोबाची. सत्तरच्या दशकात चर्चिल नदी वळवली, विनिपेग सरोवराची पातळी विजेसाठी नियंत्रित केली. क्रॉस लेकच्या पिमिचिकमाक क्री लोकांच्या किनाऱ्यांची धूप झाली, हिवाळ्यात बर्फावरून जायचे रस्ते बेभरवशाचे झाले. १९७७ च्या, नुकसानभरपाईसाठीच्या 'पूर करारा'तली आश्वासनं अपुरी राहिली असं त्यांचं म्हणणं. मॅनिटोबा हायड्रोही सरकारी. पण तिची वीज मिनेसोटातली नॉर्दर्न स्टेट्स पॉवर घेत होती, जी २००० पासून एक्सेल एनर्जी झाली, आणि ती शेअर बाजारातली कंपनी. म्हणून ही माणसं सीमा ओलांडून तिथे गेली आणि तिच्या भागधारकांच्या सभेपर्यंत विषय पोचला : या विजेऐवजी वारा आणि बाकीचे अक्षय स्रोत घ्या.

तेव्हा ओंजळभर, तुमची कंपनी धरण बांधत नाहीये, वीज विकत घेणार आहे, हेच महत्त्वाचं. असा दीर्घ मुदतीचा खरेदी करार दाखवल्याशिवाय बँक सहसा कर्ज देत नाही. तुमच्या हातात नेमकी तीच कळ आहे.

पाणलोट

उत्तरायण, अगदी. आपल्याकडचं महेश्वरही असंच. नर्मदेवरचं ४०० मेगावॅटचं खासगी धरण. बायर्नवेर्क आणि व्हीईडब्ल्यू या दोन जर्मन वीज कंपन्या भांडवल घालणार होत्या. नर्मदा बचाओ आंदोलन आणि जर्मनीतल्या संघटनांनी त्यांच्या दारात पुनर्वसनाचा प्रश्न नेऊन ठेवला, आणि एप्रिल १९९९ मध्ये दोघींनी अंग काढून घेतलं. पुढे भिंत उभी राहिली तरी वीज झाली नाही. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारने खरेदी करारच रद्द केला.

कडेलोट

म्हणजे भिंत उभी, पैसे बुडाले, वीज नाही. याला यश म्हणायचं?

पाणलोट

त्याला यश कोण म्हणतंय? काठावरच्या माणसांनी कित्येक वर्षं टांगत्या तलवारीखाली काढली. पण जर्मन कंपन्या ज्या दिवशी बाहेर पडल्या त्या दिवशी इतरांनी तिथेच थांबून हिशोब पुन्हा मांडला असता तर हे पैसे बुडाले नसते. सांगणारे ओरडून सांगत होते.

कडेलोट

हे पटलं. उत्तरायण यांचा खरेदीदाराचा मुद्दाही पटला. गरिबांनाही वीज हवी हा पहिला मुद्दा मात्र सोडत नाही. क्री लोकांनी पुढे स्वतःच धरणांना संमती दिली ना?

उत्तरायण

हो, दिली. फेब्रुवारी २००२ मध्ये क्वेबेक सरकारशी करार झाला, रूपर्ट नदी वळवायला क्री नेतृत्वाने मान्यता दिली, बदल्यात उत्पन्नात वाटा आणि जंगल-जमिनीच्या निर्णयांत हक्क. क्री समाजातही त्यावर मतभेद होते. मॅनिटोबात निसिचावायासिक क्री नेशन वुस्क्वाटिम धरणात भागीदार झालं, २०० मेगावॅट, ३३ टक्क्यांपर्यंत मालकीची तरतूद. तिथे नदीकाठचे लोकच भागधारक झाले. पहिल्या धरणांच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, दुसऱ्या वेळी विचारावं लागलं. मधल्या काळात जे भांडले त्यांच्यामुळे.

सातवीण

चिलीचं कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालते. पातागोनियात बाकेर आणि पास्कुआ नद्यांवर पाच धरणं, २७५० मेगावॅट, प्रकल्पाचं नाव इद्रोआयसेन. ५१ टक्के एन्देसा चिलेचे, ४९ टक्के कोल्बूनचे. एन्देसाची मालकी इटलीच्या एनेल या वीज कंपनीकडे होती. २०१० मध्ये आयसेनचे बिशप लुईस इन्फान्ती रोमला एनेलच्या भागधारकांच्या सभेत जाऊन बोलले. इटलीतल्या एका नैतिक बँकेच्या प्रतिष्ठानाने थोडे शेअर घेऊन ठेवले होते, त्या जोरावर सभेत बोलायचा हक्क मिळाला. २०११ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर चिलीत प्रचंड मोर्चे निघाले, २०१४ मध्ये सरकारने मंजुरी रद्द केली, नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपन्यांनी प्रकल्प गुंडाळला.

त्याच नोव्हेंबरात चिलीची उत्तरेकडची आणि मध्यभागातली ग्रिड जोडली गेली आणि आताकामा वाळवंटातल्या सौर विजेला मोठ्या शहरांकडे वाट मिळाली. टर्बाईन काका, धरण रद्द झालं की गॅसच येतो असं नाही.

टर्बाईन

@सातवीण, तारा ओढल्या म्हणून जमलं, हे विसरू नकोस. माझं म्हणणं तेच आहे : पर्याय कागदावर हवा. बॅटऱ्या दोन-चार तास धरतात, त्याहून लांब रात्रीसाठी उदंचन आहेच. खाली एक तळं, वर एक तळं, दुपारच्या सौर विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. नदीपासून दूर केलं तर गावं बुडत नाहीत, किंवा फार थोडी जमीन जाते.

आणि मृदगंध बोलायच्या आत गाळाचं मीच सांगतो. पावसाळ्यानंतर यंत्र उघडलं की रनरची, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या चाकाची, पाती बघून जीव कळवळायचा. गारगोटीच्या बारीक कणांनी धातू खरवडून कडा कातरलेल्या. रात्र-रात्र वेल्डिंग करून भरायच्या. जुन्या धरणांतली यंत्रं बदलून, गाईड व्हेन नव्या बसवून नवी भिंत न बांधता जास्त वीज काढता येते. भागधारक मंडळींनी त्यासाठीही ठराव आणावेत, मी पहिला हात वर करेन.

मृदगंध

टर्बाईन, या प्रतिसादाला शंभर वेळा सहमत. आणि हिमालयासारख्या कोवळ्या डोंगरांत गाळासोबत हिमतलावांचाही धोका जोडा. ४ ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव फुटला आणि १२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ चं चुंगथांगचं धरण वाहून गेलं.

ताळेबंद

सातवीण यांनी विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. नियम देशागणिक वेगळे. अमेरिकेत असे ठराव बहुतेक सल्लावजा असतात, जिंकले तरी मंडळावर बंधन नाही. तरी ५ टक्के मतं मिळाली तर पुन्हा आणता येतो, दुसऱ्यांदा १५, त्यानंतर २५ टक्क्यांची अट. जपानमध्ये १ टक्का किंवा ३०० मतं हाताशी हवीत. भारतात ठराव सगळ्या भागधारकांकडे पाठवायला लावायचा तर १० टक्के मताधिकार लागतो, म्हणजे छोट्या भागधारकाला जवळपास दार बंदच.

पण ठराव हरला म्हणजे वाया गेला असं नाही. वीस टक्के मतं मंडळाच्या विरोधात गेली की मोठे फंड कंपनीला बोलावून विचारतात, कर्ज देणारे धोक्याचा वेगळा हिशोब धरतात. २०२१ मध्ये एका छोट्या फंडाने जेमतेम ०.०२ टक्के शेअरवर एक्सॉन या तेल कंपनीच्या मंडळात तीन संचालक निवडून आणले, कारण मोठे पेन्शन फंड मागे उभे राहिले. तुमचा ठराव वाचला तर तो "धरण नको" म्हणत नाही, "आधी तुलना दाखवा" म्हणतो. त्याला विरोध करायचं मंडळाला काय कारण, हे त्यांनी छापलंय का?

ओंजळभर

सगळ्यांचे मनापासून आभार. नोटीस पुन्हा काढून वाचली. कारण दीड ओळीचं आहे : "व्यवस्थापनाने सर्व पर्यायांचा विचार केलेला आहे." कुठले पर्याय, किती खर्चाचे, काही नाही.

मी ठरावाच्या बाजूने मत देतेय. सभा ऑनलाइन आहे आणि आधी नाव नोंदवलं तर प्रश्न विचारता येतो. नोंदवलंय. एकच प्रश्न मिळणार, दोन मिनिटं. काय विचारू?

टर्बाईन

कोरड्या वर्षात, सर्वात कोरड्या महिन्यात, संध्याकाळी धरणातून हमखास किती मेगावॅट मिळतील ते विचारा. सरासरी सांगायला लागले तर थांबवा.

ताळेबंद

धरणाचा खर्च किंवा मुदत वाढली तर वाढीव बोजा करारानुसार कुणावर? हे विचारा. टर्बाईन यांचा प्रश्नही चांगला आहे.

पाणलोट

दोन्ही विचारा, पण सुरुवात गावांची नावं घेऊन करा. बुडीतातल्या गावांची यादी प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात असते. ती सभेच्या इतिवृत्तात जाऊ दे.

ओंजळभर

यादी मिळाली. पाणलोट, काही नावांचे उच्चार नीट कळत नाहीयेत, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. सभेच्या आधी बघाल का?

पाणलोट

बघितला. रात्री फोन करतो.